सोल्युबिलिटीच्या नळीला काय दिसतं आणि काय दिसत नाही: विदर्भातल्या लहान प्रयोगशाळेत सिकल आणि इतर हिमोग्लोबिनची तपासणी

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळकडच्या घरांत सिकलसेलच्या (लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) पहिल्या साध्या चाचणीचा, 'सोल्युबिलिटी निगेटिव्ह' असं लिहिलेला कागद जपून ठेवलेला असतो. लग्नाची बोलणी सुरू झाली की तो बाहेर निघतो आणि घरचे त्याचा अर्थ लावतात, 'पोराला काही नाही.' चाचणीच्या नळीनं मात्र तसं काहीच म्हटलेलं नसतं. ऑक्सिजन काढून घेतल्यावर न विरघळणारं हिमोग्लोबिन या रक्तात आपल्याला दिसण्याइतकं सापडलं नाही, एवढंच तिचं म्हणणं. थॅलेसेमियाचा वाहक (एकाच पालकाकडून दोष आलेला, स्वतः निरोगी; या दोषात हिमोग्लोबिनची साखळी कमी बनते), हिमोग्लोबिन डी, हिमोग्लोबिन ई, सिकलचं चार महिन्यांचं बाळ, ही सगळी तिच्या लेखी निगेटिव्हच. म्हणून तपासणीची कृती शिकण्याआधी प्रत्येक चाचणी रक्ताला नेमका कोणता प्रश्न विचारते ते समजून घ्या. चुकीचे बहुतेक रिपोर्ट हात चुकल्यामुळे जात नाहीत. प्रश्न एक विचारलेला असतो आणि उत्तर भलत्याचंच दिलेलं असतं.

एका जागेचा बदल, त्याचे दोन परिणाम

मोठ्या माणसाचं नेहमीचं हिमोग्लोबिन ए म्हणजे दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या. अल्फात १४१ अमिनो आम्लं, बीटात १४६. सिकलच्या हिमोग्लोबिन एसमध्ये बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. (जनुकीय तपासणीच्या नव्या रिपोर्टमध्ये हीच जागा सातवी म्हणून छापलेली दिसते, कारण तिथे सुरुवातीचं मेथिओनिनही मोजतात. आजार तोच, घाबरू नका.) हा रेणूचाच आजार आहे हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये विद्युतप्रवाहात हिमोग्लोबिन पळवून दाखवलं. बदल नेमक्या कोणत्या अमिनो आम्लात आहे हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये शोधलं. नागपूरहून शुक्ल आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकल वाहकांची नोंद १९५८ मध्ये प्रसिद्ध केली.

पहिला परिणाम चिकटण्याचा. व्हॅलिनला पाणी आवडत नाही. हिमोग्लोबिननं ऑक्सिजन सोडला की शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवर, ८५ आणि ८८ या जागांपाशी, एक तेलकट खाच उघडी पडते आणि हे व्हॅलिन तिच्यात जाऊन बसतं. असे रेणू जुळत जुळत १४ पदरांचा ताठ दोर तयार होतो आणि त्या दोरानं पेशी विळ्यासारखी वाकते. ऑक्सिजन सोडलेलं एस शरीराच्या तापमानाला डेसिलिटरमागे सुमारे १७ ग्रॅमपर्यंतच विरघळलेलं राहतं, आणि लाल पेशीत हिमोग्लोबिन असतं ३३-३४ ग्रॅम. पेशीतलं पाणी थोडंसं कमी झालं तरी दोर बनायला लागणारा वेळ झपाट्यानं घटतो. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला किंवा मिरची तोडणीला तेलंगणात गेलेला रुग्ण हातपाय ठणकत परत येतो, त्यामागचं एक मोठं कारण हे.

बाळाचं हिमोग्लोबिन एफ या दोरात शिरत नाही, उलट मोडता घालतं. आपल्याकडच्या सिकलमध्ये एफ आफ्रिकेतल्या रुग्णांपेक्षा बरंच जास्त असतं. त्यावरून 'आपल्याकडचा सिकल सौम्य' असं सरसकट म्हणायची सवय पडली आहे. ती सोडा. विदर्भात वारंवार दवाखान्यात भरती व्हावी लागणारी, रक्त चढवावं लागणारी मुलं काही कमी नाहीत.

दुसरा परिणाम विद्युतभाराचा. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, व्हॅलिनवर नसतो. दोन बीटा साखळ्या म्हणजे अख्ख्या रेणूवरचे दोन ऋण भार गेले. पंजाबकडून आलेल्या हिमोग्लोबिन डीमध्ये १२१ व्या जागी ग्लुटामिक आम्लाचं ग्लुटामिन होतं, तिथेही दोनच भार जातात. म्हणून इलेक्ट्रोफोरेसिसच्या, म्हणजे विजेनं हिमोग्लोबिन पळवण्याच्या अल्कधर्मी पट्टीवर एस आणि डी एकाच ठिकाणी उभे दिसतात. हिमोग्लोबिन ईमध्ये २६ व्या जागी लायसिन येतं, हिमोग्लोबिन सीमध्ये सहाव्या जागी. लायसिनवर धन भार असल्यामुळे इथे फरक चार भारांचा पडतो आणि ई, सी मागे रेंगाळून ए२ च्या (मोठ्या माणसात थोडंसंच असणाऱ्या हिमोग्लोबिनच्या) रांगेत बसतात. ईची आणखी एक खोड आहे. त्याच बदलामुळे जनुकातून निघणाऱ्या संदेशात (आरएनएत) चुकीच्या जागी कात्री चालते, साखळी कमी बनते आणि रक्ताचं चित्र थॅलेसेमियासारखं, म्हणजे पेशी बारीक, असं दिसतं.

सोल्युबिलिटीची नळी फक्त चिकटणं पाहते. इलेक्ट्रोफोरेसिस आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून टक्के मोजणारं यंत्र) मुख्यतः भार पाहतात. दोन्हींची साक्ष जुळली तरच 'एस' लिहायचं.

नमुना घेताना

ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत २ मिली शिरेतलं रक्त घ्या, नळी आठ-दहा वेळा हलक्या हातानं उलटीसुलटी करा. गाठ पडलेला नमुना एचपीएलसीला पाठवू नका. २ ते ८ अंशांत तो आठवडाभर टिकतो. उपकेंद्रातून जिल्ह्याला लस नेण्याच्या डब्यातून पाठवा, पण नळी बर्फाला थेट टेकवू नका. मध्ये कागद किंवा कापूस ठेवा. गोठलं तर पेशी फुटतात आणि मग ना पेशींचा आकार मोजता येतो, ना धुता येतात.

नळीसोबतच्या चिठ्ठीवर नाव-वयाखेरीज तीन गोष्टी हव्यातच: रक्त चढवलं का आणि कधी, हायड्रॉक्सियुरिया (सिकलचं औषध) सुरू आहे का, आणि गरोदर आहे का. यात रक्त चढवल्याचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. चढवलेल्या पेशी तीन-चार महिने फिरतात, तोवर एसएस रुग्ण (आईबाप दोघांकडून एस आलेला) यंत्रावर वाहकासारखा दिसतो. 'रक्त चढवलं का?' एवढ्यावर पुष्कळदा 'नाही' असंच उत्तर येतं. 'मागच्या वर्षी भरती होता का? बाटली लाल होती का पांढरी?' असं विचारलं की खरं कळतं.

सोल्युबिलिटी: द्रावण बनवण्यापासून वाचण्यापर्यंत

तयार किट असेल तर त्याच्या पत्रकाप्रमाणे चला. स्वतः बनवायचं असेल तर १०० मिलीसाठी प्रमाण असं: निर्जल डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट २१.५ ग्रॅम, निर्जल पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १६.९ ग्रॅम, सोडियम डायथायोनाइट ०.५ ग्रॅम, सॅपोनिन ०.१ ग्रॅम. डायपोटॅशियमची बाटली तीन पाण्याच्या रेणूंची म्हणजे ट्रायहायड्रेट असेल तर २१.५ ऐवजी २८.२ ग्रॅम लागेल. लेबल न वाचता वजन केलं की द्रावण पातळ होतं आणि वाहक सुटतात.

क्रम पाळा. ऊर्ध्वपातित पाण्यात आधी डायपोटॅशियम पूर्ण विरघळवा, मग दुसरं फॉस्फेट, मग डायथायोनाइट, शेवटी सॅपोनिन, आणि १०० मिली करा. सॅपोनिन घातल्यावर जोरात हलवू नका, फेस येतो. बाटलीवर तारीख टाका. फ्रीजमध्ये सात दिवस, त्यानंतर मोरीत.

या प्रत्येक घटकाचं काम वेगळं आहे. सॅपोनिन पेशी फोडतं. डायथायोनाइट ऑक्सिजन खेचून घेतं. आणि ते जाड फॉस्फेट, जवळजवळ २.५ मोलर, ऑक्सिजन सोडलेल्या एसला विरघळलेलं राहू देत नाही. पेशीच्या आत दोर बनायला एस भरपूर लागतं. इथे फॉस्फेटमुळे त्याच्या किती तरी पट कमी एसवरही गढूळपणा येतो.

१. द्रावण फ्रीजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. तळाशी स्फटिक बसले असतील तर ते विरघळू द्या. थंड द्रावणात एसचे दोर सुटतात आणि नळी खोटी स्वच्छ दिसते. घाईच्या शिबिरात हीच चूक सर्वांत जास्त होते.

२. १२ × ७५ मिमीच्या तीन नळ्यांत २-२ मिली द्रावण घ्या. एक रुग्णाची, एक माहीत असलेल्या एए (एस नसलेल्या) रक्ताची, एक माहीत असलेल्या एएसची, म्हणजे वाहकाची. पॉझिटिव्ह कंट्रोलला (तुलनेसाठीच्या ओळखीच्या नमुन्याला) एसएस वापरू नका. निम्मं मेलेलं द्रावणही एसएस पकडतं. ते जिवंत आहे की नाही याची परीक्षा वाहकाच्या रक्तावरच होते.

३. प्रत्येकीत २० मायक्रोलिटर पूर्ण रक्त घाला. सेंट्रिफ्यूज असेल तर त्याऐवजी दाबून बसवलेल्या पेशी १० मायक्रोलिटर घ्या, ते जास्त चांगलं. नळी उलटीसुलटी करून मिसळा, ५ मिनिटं थांबा.

४. पांढऱ्या कार्डावर बारीक काळ्या रेघा मारा, नळी कार्डापुढे सुमारे अडीच सेंटिमीटरवर धरा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, झाकल्या गेल्या तर पॉझिटिव्ह. रंगाकडे पाहून ठरवू नका.

५. शंका वाटली तर नळी सेंट्रिफ्यूजमध्ये १२०० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या १२०० पट जोरानं) ५ मिनिटं फिरवा. पॉझिटिव्हमध्ये वर गडद लाल थर जमतो. त्याखालचं पाणी लालसर-गुलाबी राहिलं तर वाहकाकडे कल, जवळजवळ रंगहीन झालं तर एसएसकडे. हा फक्त कल. एवढ्यावर कुणाला 'रुग्ण' म्हणून कागद देऊ नका.

पेशी दाबून घ्यायचा आग्रह कशासाठी, याचा हिशेब करून पाहा. २ मिलीत २० मायक्रोलिटर म्हणजे शंभरपट पातळ. हिमोग्लोबिन १२ असेल तर नळीत डेसिलिटरमागे ०.१२ ग्रॅम, वाहकाचं एस ३५ टक्के धरलं तर ०.०४ ग्रॅमच्या आसपास. आता हिमोग्लोबिन ६ असलेली गरोदर बाई घ्या. लोह कमी असल्यानं वाहकातला एसचा टक्काही उतरतो, समजा २८. नळीत एस उरलं ०.०१७, निम्म्याहून कमी. रेघा दिसतात आणि वाहक सुटते. आपल्याकडे रक्त कमी असलेल्या बायका किती, हे सांगायला नको. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर रक्त दुप्पट, म्हणजे ४० मायक्रोलिटर घ्या, नाहीतर दाबलेल्या पेशी वापरा. म्हणून या चाचणीआधी हिमोग्लोबिन मोजलेलं असलंच पाहिजे.

उलटा घोळही होतो. जेवणानंतरचं चरबीनं दुधाळ झालेलं रक्त, प्रथिनांचा आजार, फार जास्त हिमोग्लोबिन यांत एस नसतानाही नळी गढूळते. पेशी सलाइनमध्ये धुऊन पुन्हा लावा, बहुतेक वेळा खुलासा होतो. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही चाचणी लावूच नका. एफ भरलेलं असतं, निगेटिव्हला काही अर्थ नसतो.

डायथायोनाइटविषयी वेगळं सांगायला हवं. मोकळी वाहणारी पांढरी भुकटी, गंधकाचा झोंबणारा वास, तोवर ती कामाची. गोळे झाले, वास गेला की फेकायची. भंडारा-गोंदियाच्या पावसाळ्यात झाकण एक दुपार उघडं राहिलं तरी पुरतं. ओली भुकटी स्वतःच तापते, पेटूही शकते. लहान बाटल्यांत वाटून, कोरड्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

मेटाबायसल्फाइट लावून स्लाइडवर विळे पाहायची जुनी पद्धत आहे. डोळ्यांना दाखवायला छान, पण द्रावण रोज ताजं लागतं आणि प्रश्न तोच विचारते. गर्दीत तिच्यात वेळ घालवू नका. बोटातल्या थेंबावरच्या पट्ट्या शिबिरात सोयीच्या, ए आणि एस वेगळे दाखवतात. पण ज्या हिमोग्लोबिनसाठी पट्टीवर रेघ आहे तेवढंच तिला दिसतं. थॅलेसेमियाच्या वाहकाची तिच्यावर रेघच नसते.

अल्कधर्मी पट्टी

ग्रामीण रुग्णालयात एचपीएलसी नसेल तर सेल्युलोज ॲसिटेट पट्टीवरचं इलेक्ट्रोफोरेसिस अजूनही भरवशाचं. बफर लिटरला ट्रिस १०.२ ग्रॅम, ईडीटीए ०.६ ग्रॅम, बोरिक आम्ल ३.२ ग्रॅम, पीएच ८.५. पट्टी बफरमध्ये हळूहळू बुडवा, एकदम टाकली तर आत हवा अडकून पांढरे डाग राहतात. किमान ५ मिनिटं भिजू द्या, टिपकागदानं वरचं पाणी टिपा, पण कोरडी होऊ देऊ नका. फोडलेल्या पेशींचं द्रावण ऋण टोकाच्या बाजूला लावा, ३५० व्होल्टवर २५ मिनिटं चालवा. मग पॉन्सो एस रंगात ५ मिनिटं, नंतर ५ टक्के ॲसिटिक आम्लात पार्श्वभूमी पांढरी होईपर्यंत धुणं. पेशी फोडायच्या तयार द्रावणात थोडं पोटॅशियम सायनाइड असतं. ते आम्लाच्या भांड्यात किंवा त्याच मोरीत ओतू नका, विषारी वायू निघतो.

धन टोकाकडून क्रम: ए, एफ, मग एस आणि डी, सगळ्यांत मागे सी, ई आणि ए२. प्रत्येक पट्टीवर ओळखीचा कंट्रोल हवाच. तो विकत घ्यायची गरज नाही: प्रसूतिगृहातलं नाळेचं रक्त आणि वाहकाचं रक्त मिसळलं की ए, एफ, एस तिन्ही एका रांगेत मिळतात.

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात बफर तापतं आणि पट्टे पसरतात. बफर फ्रीजमधून काढून वापरा, पट्टी सकाळीच चालवा. मध्येच लाइट गेली तर पट्टी तशीच ठेवून पुन्हा सुरू करू नका. हिमोग्लोबिन आपसूक पसरतं. नवी लावा. पट्टे अजिबात हलले नाहीत किंवा उलटे पळाले तर आधी तारा तपासा.

एसच्या जागी पट्टा आला, पण सोल्युबिलिटी निगेटिव्ह? दोन्ही पुन्हा करा. तेच आलं तर डीचा संशय घ्या. पीएच ६.२ च्या सायट्रेट आगारच्या (जेलीसारख्या) थरावर 'डी' हा 'ए'पासून वेगळा होत नाही, 'एस' होतो. पंजाबचा डी एकटा निरुपद्रवी. एससोबत आला की मात्र दोर आणखी पक्का करतो, आजार एसएससारखा तीव्र होतो.

एचपीएलसीचा कागद वाचणं

इथे रक्त ऋण भाराच्या कणांनी भरलेलं खांबासारखं नळकांडं पार करतं. हे कण धन भाराला धरून ठेवतात, म्हणून ऋण भार जास्त तो लवकर सुटतो. 'बीटा थॅलेसेमिया' नावाच्या सहा-साडेसहा मिनिटांच्या पद्धतीत एफ साधारण १.१ मिनिटाला, ए २.५ च्या आसपास, ए२ ३.३ ते ३.९, डी ३.९ ते ४.३, एस ४.३ ते ४.७ मिनिटांत. आधी आलेखातल्या शिखरांकडे पाहू नका, कागदाच्या तळाशी छापलेलं एकूण क्षेत्रफळ पाहा. ते १० ते ३० लाखांच्या बाहेर असेल तर टक्के भरवशाचे नाहीत. रक्त फार कमी असलेल्या रुग्णाचा नमुना कमी पातळ करून पुन्हा लावा.

मग एकच प्रश्न: ए आणि एस, मोठं कोण? वाहकात ए कायम मोठं. एस ३० ते ४० टक्के. लोहाची कमतरता किंवा अल्फा थॅलेसेमिया जोडीला असेल तर एस २५-३० पर्यंत उतरतं. एस मोठं आणि ए लहान, समजा २० टक्के, तर एकतर एसएसला रक्त चढवलंय, नाहीतर एस-बीटा थॅलेसेमिया आहे. पहिल्याचा निकाल चिठ्ठी लावते, दुसऱ्याचा आईबापांचे नमुने. ए मुळीच नाही, एस आणि एफ आहेत, तर एसएस किंवा ए न बनवणारा एस-बीटा थॅलेसेमिया. दुसऱ्यात पेशी बारीक आणि ए२ वाढलेलं. पण हायड्रॉक्सियुरिया पेशी मोठ्या करतं, त्यामुळे औषध सुरू असलेल्या रुग्णात पेशींच्या आकारावर विसंबू नका. पुन्हा आईबापांकडेच जावं लागतं.

सिकलवाहकाच्या कागदावर ए२ ३.८, ४.१ टक्के असं दिसलं म्हणून थॅलेसेमिया लिहिणं ही नेहमीची चूक. साखर चिकटलेलं एस त्याच खिडकीत (वेळेच्या टप्प्यात) उतरतं आणि ए२ फुगवतं. एस नसताना मात्र ए२ ४ टक्क्यांच्या वर आणि पेशी बारीक, तर बीटा थॅलेसेमियाचा वाहक धरा. लोह फार कमी असेल तर ए२ खाली येतं, मग लोह भरून तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. ए२ च्या खिडकीत २५-३० टक्के आलं तर ते ए२ नाही, हिमोग्लोबिन ई आहे. ४.७ मिनिटांच्या आसपास १७-१८ टक्क्यांचं शिखर दिसलं तर हिमोग्लोबिन क्यू-इंडिया असू शकतं. हा बदल अल्फा साखळीत ६४ व्या जागी, म्हणून टक्का कमी. त्याला घाईत एस म्हणू नका. सोल्युबिलिटी लावा, निगेटिव्ह येते.

जाता जाता: मधुमेहाच्या तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी, एचबीए१सी, एसएस रुग्णात निरर्थक असते. पेशीच लवकर मरतात, साखर चिकटायला वेळ मिळत नाही. त्यांची साखर उपाशीपोटी आणि जेवणानंतर मोजा.

जोडप्याला काय सांगायचं

दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएस बाळाची शक्यता २५ टक्के. पहिलं बाळ आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटत नाहीत. प्रत्येक वेळी फासे नव्यानं पडतात. इथवर सगळे सांगतात. राहतं ते हे, की एक जण सिकलवाहक आणि दुसरा थॅलेसेमिया किंवा डीचा वाहक असेल तरी एस-बीटा थॅलेसेमिया किंवा एसडी आजाराच्या बाळाची शक्यता तितकीच, २५ टक्के. आणि तो दुसरा सोल्युबिलिटीत निगेटिव्हच असतो. म्हणून एकाच्या नावापुढे एस आला की जोडीदाराची सोल्युबिलिटी करून थांबू नका, थेट एचपीएलसी आणि पेशींच्या आकारासह पूर्ण रक्ततपासणी करा. लग्नाआधी झालं तर उत्तम. गरोदरपण असेल तर पहिल्या नोंदणीलाच. वार तपासून बाळाचं निदान करायचा काळ १० ते १२ आठवड्यांचा असतो आणि गावाहून नागपूर गाठेपर्यंत त्यातले तीन आठवडे सहज जातात.

वाहक बाईला सांगताना 'ताई, तुम्ही आजारी नाही' हे वाक्य आधी. तिचं हिमोग्लोबिन ८ असेल तर ते सिकलच्या नावावर टाकू नका. एएसनं रक्त कमी होत नाही. लोह, जंत, पाळीचा रक्तस्राव तपासा.

वाहक जोडप्याचं बाळ जन्मलं की टाचेतलं किंवा नाळेचं रक्त एचपीएलसीला पाठवता येतं. कागदावर एफ आणि एस दोनच आले, ए नाही, तर बाळ आजारी धरून दोन महिन्यांपासून पेनिसिलिन आणि सगळ्या लसी. पक्कं नाव सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान पुन्हा तपासून.

रिपोर्टवर 'निगेटिव्ह' एवढंच लिहायचं सोडा. असं लिहा: 'सोल्युबिलिटी चाचणीत हिमोग्लोबिन एस आढळलं नाही. तपासणीच्या वेळी हिमोग्लोबिन अमुक. या चाचणीत थॅलेसेमिया, हिमोग्लोबिन डी व ई कळत नाहीत. लग्न किंवा गरोदरपणासाठी एचपीएलसी करावी.' रबरी शिक्का करून घेतला तर रोज लिहावंही लागणार नाही, फक्त हिमोग्लोबिनचा आकडा पेनानं भरायचा.